निळ्या पडद्यावरचे नाव

स्कॅन केलेल्या जुन्या कागदपत्रांचे सुमारे ४० जीबीचे एक फोल्डर मी नेटवर्क स्टोरेजवर पाठवीत होतो. निम्म्याहून अधिक काम झाले असताना माउसचा बाण जागच्या जागी थिजला, स्पीकरमधून एकाच स्वराची घरघर दोनेक सेकंद ऐकू आली आणि सबंध पडदा निळा झाला. वर २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर आलेला तो रडका चेहरा, खाली क्यूआर कोड आणि अगदी तळाशी बारीक अक्षरांत एक स्टॉप कोड, म्हणजे संगणक का थांबला हे सांगणारे नाव. तो वाचून होण्याआधीच संगणक आपोआप पुन्हा सुरू झाला. (२०२५ पासून विंडोज ११ मध्ये हा पडदा काळा झाला आहे, माझ्याकडे तेव्हा तो निळाच होता आणि बोलण्यात तर त्याला अजूनही सगळे ब्लू स्क्रीनच म्हणतात.) पुन्हा सुरू झालेल्या संगणकात सारे काही जागेवर होते, म्हणून मी ते फोल्डर पहिल्यापासून पाठवायला लावले आणि झाला प्रकार विसरून गेलो.

पुढच्या दहा दिवसांत हा पडदा मी आणखी आठ वेळा पाहिला. तिसऱ्या वेळेपासून मोबाइल हाताशी ठेवून त्याचा फोटो काढण्याची सवय लागली, त्यामुळे निदान कोड तरी हाती राहू लागले. पण त्या कोडांनी मला शहाणे करण्याऐवजी अधिकच गोंधळात टाकले, कारण ते दर वेळी वेगळे असत. एकदा ‘सिस्टिम सर्व्हिस एक्सेप्शन’, एकदा ‘पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया’, एकदा ‘कर्नल मोड हीप करप्शन’ आणि एकदा ‘ड्रायव्हर आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल’. या शेवटच्या वेळी पडद्यावर ‘काय बिघडले’ या ओळीत एका फाइलचे नावही छापून आले होते आणि ती फाइल ग्राफिक्स कार्डाच्या ड्रायव्हरची, म्हणजे ते कार्ड विंडोजशी जोडून देणाऱ्या सॉफ्टवेअरची, होती. नाव मिळाल्याचा मला कोण आनंद झाला. गुन्हेगार सापडला, आता शिक्षा तेवढी द्यायची, अशा थाटात मी सेफ मोडमध्ये, म्हणजे मोजक्याच ड्रायव्हरांनिशी विंडोज सुरू होते त्या अवस्थेत, जाऊन ग्राफिक्सचा ड्रायव्हर मुळापासून काढला, त्याची नवी आवृत्ती बसवली आणि दुसऱ्याच संध्याकाळी नवव्यांदा निळा पडदा पाहिला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती मी त्या दिवशी दिली होती. मात्र हे कळायला मला आणखी दोन आठवडे लागले.

त्या दोन आठवड्यांतील पहिल्या आठवड्याबद्दल फार लिहिण्यात अर्थ नाही, पण मी केलेली एक चूक सांगितली पाहिजे. सगळे ड्रायव्हर एका फटक्यात अद्ययावत करून देणारे एक सॉफ्टवेअर मी उतरवून घेतले आणि त्याने सुचवलेले चौदाच्या चौदा ड्रायव्हर डोळे मिटून बदलू दिले. साप साप म्हणून भुई धोपटण्याचाच तो प्रकार होता. निळा पडदा थांबला नाही तो नाहीच, उलट आवाज फक्त एकाच बाजूच्या स्पीकरमधून येऊ लागला, आणि सर्वांत वाईट म्हणजे एकाच वेळी चौदा गोष्टी बदलल्यामुळे यापुढे जे काही घडेल ते कशामुळे घडले हे सांगण्याची सोय उरली नाही. सुदैवाने त्या सॉफ्टवेअरने कामाला हात घालण्यापूर्वी रिस्टोअर पॉइंट तयार केला होता. त्याच्या आधारे मी आदल्या दिवशीच्या स्थितीत परत आलो आणि एक वही उघडली. यापुढे एका वेळी एकच बदल करायचा आणि तो तारीख-वेळेसह लिहून ठेवायचा, असे ठरवले.

कोड दर वेळी बदलत असतील तर रॅमवर संशय घ्यावा, हा सर्वमान्य सल्ला आहे आणि तो चुकीचा नाही. मी मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम पेन ड्राइव्हवर चढवून रात्रभर चालवला. ८ जीबीच्या दोन्ही पट्ट्यांवर चार फेऱ्या पूर्ण झाल्या आणि सकाळी पडद्यावर त्रुटींची संख्या शून्य होती. तरीही मनाच्या समाधानासाठी बायोसमध्ये जाऊन रॅमचा वाढीव वेग देणारे एक्सएमपी बंद केले. फरक पडला नाही. मग विंडोजच्या स्वतःच्या फाइली तपासल्या. त्यासाठी विंडोजमध्येच दोन आदेश आहेत; आधी डिझम आणि मग एसएफसी, हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण एसएफसी ज्या साठ्यातून चांगल्या प्रती उचलते तो साठा दुरुस्त करण्याचे काम डिझम करते. एसएफसीने काही खराब फाइली सापडल्याचे आणि त्या दुरुस्त केल्याचे जाहीर केले, त्यानंतर सलग दोन दिवस संगणक बंद पडला नाही आणि मी वहीत मोठ्या अक्षरांत ‘सुटले’ असे लिहिले. त्या दोन दिवसांत मी नेटवर्कवर एकही मोठी फाइल पाठवलेली नव्हती, हे वहीत लिहिलेले नव्हते. तिसऱ्या दिवशी पाठवली आणि ‘सुटले’ या शब्दावर काट मारली.

या टप्प्यावर सर्व्हरची देखभाल करणाऱ्या एका मित्राला फोन केला. माझे सगळे पुराण त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, “डंप फाइल बघितलीस का?” संगणक कोसळतो त्या क्षणी मेमरीत काय होते याची नोंद विंडोज एका फाइलीत करून ठेवते, हे मला ऐकून माहीत होते, पण विंडोजच्या फोल्डरमधले मिनिडंप नावाचे फोल्डर माझ्याकडे रिकामे होते. “मग पेजफाइल बंद केली असशील,” तो म्हणाला. रॅमला पूरक म्हणून विंडोज डिस्कवर जी फाइल राखून ठेवते ती पेजफाइल. मी खरोखरच केली होती. एसएसडीवरची जागा वाचवण्यासाठी कधीतरी दोन-तीन वर्षांपूर्वी पेजफाइल शून्यावर आणून ठेवली होती आणि ते साफ विसरलो होतो. कोसळण्याच्या क्षणी नेहमीच्या फाइल व्यवस्थेवर भरवसा ठेवता येत नसल्यामुळे विंडोज मेमरीतला मजकूर आधी पेजफाइलच्या जागेत ओतते आणि पुढच्या वेळी सुरू होताना तेथून उचलून डंप फाइल बनवते. पेजफाइलच नसेल तर ओतायचे कोठे? म्हणजे नऊ-दहा वेळा संगणकाने साक्ष देण्याची तयारी केली होती आणि ती लिहून घ्यायला मीच कागद ठेवला नव्हता.

पेजफाइल विंडोजच्या स्वाधीन केली, ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’ या खिडकीत जाऊन आपोआप रिस्टार्ट होण्याची खूण काढली आणि डंपचा प्रकार ‘कर्नल मेमरी डंप’ असा ठेवला, कारण छोट्या डंपमध्ये पुष्कळदा नेमका हवा तो भाग नसतो. आता निळा पडदा येण्याची वाट पाहायची होती आणि तो येईना. कामाच्या ऐन गर्दीत हमखास हजर होणारा पाहुणा, दार उघडून बसल्यावर मात्र दीड दिवस फिरकला नाही.

या मोकळ्या वेळात वहीतल्या नोंदी पुन्हा वाचल्या. बहुतेक वेळा संगणक मोठी फाइल नेटवर्कवरून जाता-येताना कोसळला होता आणि ही सगळी कटकट सुरू होण्याच्या तीन-चार दिवस आधी टेबल दुसऱ्या खोलीत हलवल्यामुळे, केबल पोहोचेना म्हणून, मी यूएसबीला लावायचे वाय-फाय ॲडॅप्टर बसवले होते. हे इतके सरळ होते की आधी कसे दिसले नाही याचे आश्चर्य वाटले. पण दोन नोंदी या चौकटीत बसत नव्हत्या. दोन्ही वेळा सकाळी संगणक सुरू करून पाच-दहा मिनिटे झाली होती, नेटवर्कचे कोणतेही जड काम चालू नव्हते, एकदा तर मी केवळ पत्र टंकित करीत होतो. आदल्या रात्री मी संगणक रीतसर शट डाऊन केलेला होता, तेव्हा आदल्या दिवशीच्या कॉपीशी त्याचा संबंध जोडता येत नव्हता.

याचा उलगडा मित्रानेच केला. विंडोजमधील ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर शट डाऊन म्हणजे पूर्ण बंद होणे नव्हे. आपण उघडलेले प्रोग्रॅम बंद होतात, पण कर्नल, म्हणजे विंडोजचा गाभा, आणि त्यात चढलेले ड्रायव्हर यांची तत्कालीन स्थिती डिस्कवर जशीच्या तशी लिहून ठेवली जाते आणि सकाळी तीच उचलून मेमरीत परत मांडली जाते. रात्री कर्नलच्या मेमरीत काही बिघडलेले असेल तर ते बिघडलेपणही जपून ठेवले जाते. खरोखर कोरी सुरुवात हवी असेल तर रिस्टार्ट करावे लागते. बंद करून चालू करणे हा उपाय रिस्टार्टपेक्षा भक्कम असतो, अशी माझी इतकी वर्षे समजूत होती. ती नेमकी उलटी निघाली. मी फास्ट स्टार्टअप बंद केले आणि त्या दोन सकाळच्या नोंदींसमोर आदल्या संध्याकाळचे काम लिहिले: दोन्ही वेळा मोठी कॉपी.

दुसऱ्या दिवशी दुपारी पडदा निळा झाला. या वेळी तो तसाच स्थिर राहिला, डंपची माहिती गोळा झाल्याची टक्केवारी शंभरापर्यंत चढलेली मी प्रथमच पाहिली, मग बटण दाबून संगणक पुन्हा सुरू केला. इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदवहीत कर्नल-पॉवर ४१ ही नोंद आली होती. ही नोंद पाहून अनेकजण वीजपुरवठ्याच्या मागे लागतात, पण संगणक रीतसर बंद न होता पुन्हा सुरू झाला यापलीकडे ती काहीच सांगत नाही. तिच्या तपशिलात ‘बगचेक कोड’ म्हणून २०९ हा आकडा होता. हा कोणता नवीनच कोड, म्हणून मी अर्धा तास त्याचा शोध घेत बसलो. तो सोळाच्या पायावरील (हेक्साडेसिमल) डी१ हाच कोड दशमान पद्धतीत लिहिलेला होता, म्हणजे ‘ड्रायव्हर आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल’ हाच जुना ओळखीचा गृहस्थ होता.

या लांबलचक नावाचा अर्थ एकदा समजून घेतला की पुढचे बरेच सोपे होते. कर्नलमधील कामांना पायऱ्या असतात; साधे काम शून्याच्या पायरीवर चालते आणि हार्डवेअरच्या तातडीच्या हाकेला उत्तर देणारे काम वरच्या पायऱ्यांवर. दोन क्रमांकाच्या आणि त्यावरील पायरीवर असताना एक बंधन असते: मेमरीतले जे पान त्या क्षणी रॅममध्ये हजर नाही त्याला हात लावायचा नाही, कारण ते पान डिस्कवरून आणून देणारी यंत्रणा तेथे वाट पाहू शकत नाही. एखाद्या ड्रायव्हरने चुकीच्या पत्त्यावर हात घातला की विंडोजपुढे थांबण्यावाचून मार्ग राहत नाही. साधा प्रोग्रॅम चुकला तर तो एकटा बंद पडतो, कारण त्याची मेमरी स्वतंत्र असते. ड्रायव्हर मात्र कर्नलच्या एकाच सामाईक दालनात राहतात, मध्ये भिंती नसतात. तेथे गडबड झाल्यावर काम पुढे रेटणे म्हणजे डिस्कवर चुकीची माहिती लिहिली जाण्याचा धोका पत्करणे. आपण ज्याला शिव्या देतो तो निळा पडदा त्या अर्थाने आपल्या फाइली वाचवीत असतो.

विनडीबीजी हे मायक्रोसॉफ्टचे साधन बसवून डंप उघडला. पहिल्या वेळी ते सिंबॉल नावाच्या पूरक फाइली इंटरनेटवरून आणत बसते, तेवढा वेळ धीर धरावा लागतो. मग ‘ॲनलाइझ’ हा आदेश दिला आणि पानभर मजकुराच्या शेवटी त्याने ज्याचे नाव घेतले ते होते खुद्द विंडोजचे कर्नल. पुढच्या तीन दिवसांत आणखी तीन डंप जमले. एकात पुन्हा कर्नल, एकात माझा तो बिचारा ग्राफिक्स ड्रायव्हर, तर एकात विंडोजचाच नेटवर्क सांभाळणारा भाग. तिघांनी एकाच वेळी कट केला असेल हे संभवत नव्हते.

येथे मित्राने सांगितलेली गोष्ट मला या सबंध प्रकरणातील सर्वांत मोलाची वाटते. ड्रायव्हर कर्नलच्या साठ्यातून मेमरीचे लहान लहान तुकडे मागून घेतात. ४ केबीच्या एकाच पानावर वेगवेगळ्या ड्रायव्हरांचे तुकडे एकमेकांना खेटून असू शकतात. एखाद्याने आपल्या तुकड्याची हद्द ओलांडून चार-आठ बाइट पलीकडे लिहिले, तर त्या क्षणी काहीही होत नाही. बिघडतो तो शेजाऱ्याचा तुकडा आणि शेजारी काही मिनिटांनी, कदाचित काही तासांनी, तो वाचायला जातो तेव्हा कोसळतो. पडद्यावर नाव छापून येते ते शेजाऱ्याचे. ज्याने हद्द ओलांडली तो तोपर्यंत आपले काम आटोपून मोकळा झालेला असतो. ‘कर्नल मोड हीप करप्शन’ हा कोड मला पहिल्या आठवड्यातच मिळाला होता आणि त्याच्या नावातच (हीप म्हणजे हाच मेमरीचा साठा) ही हकिगत लिहिलेली होती, पण मी त्याचा फोटो काढून पुढे गेलो होतो.

मग शेवटी छापून आलेले नाव सोडून मी चारही डंपमधील स्टॅक, म्हणजे कोसळण्यापूर्वी कोणी कोणाला हाक मारली त्याची उतरंड, ओळीने वाचत गेलो. एका डंपमध्ये विंडोजचे नेटवर्कचे भाग आणि वाय-फाय ॲडॅप्टरचा ड्रायव्हर यांच्या मधोमध एक आठ अक्षरी नाव होते. ते ना विंडोजचे होते, ना ॲडॅप्टरच्या कंपनीचे. ‘एलएम व्हीएम’ या आदेशाने त्याची माहिती मागवली तेव्हा फाइलीचा मार्ग आणि तारीख आली: २०१७. (विंडोजच्या स्वतःच्या अनेक फाइलींची तेथे दिसणारी तारीख भविष्यातली किंवा अगदीच विचित्र असू शकते, कारण त्या जागी खरी तारीख नसून फाइलीवरून काढलेला एक आकडा असतो. इतर कंपन्यांच्या ड्रायव्हरांची तारीख बहुधा खरी निघते.) फाइल एका सुरक्षा-सॉफ्टवेअरची होती. ते मी तीन वर्षांपूर्वी, विंडोज १० असतानाच, काढून टाकले होते. प्रोग्रॅम गेला होता, त्याचे चिन्ह गेले होते, यादीतून नाव गेले होते. पण नेटवर्कवरून जाणाऱ्या-येणाऱ्या माहितीच्या प्रत्येक तुकड्यावर, म्हणजे पाकिटावर, नजर ठेवणारा त्याचा फिल्टर ड्रायव्हर मागे राहिला होता. विंडोज ११ वर येताना मी कोरी स्थापना न करता वरच्या वर बढती घेतली, त्याबरोबर तोही बिनबोभाट पुढे आला.

केबल जोडलेली असताना तीन वर्षे हा फिल्टर निमूटपणे राहिला. नव्या ॲडॅप्टरच्या ड्रायव्हरशी मात्र त्याचे जमले नाही. आता एवढे पाहिल्यावर फिल्टर काढून मोकळे व्हावे असे कोणालाही वाटेल, मलाही वाटले. पण ग्राफिक्सच्या वेळी हीच घाई केली होती. शिवाय फिल्टर चुकीचा की ॲडॅप्टर, हे अजून सिद्ध झालेले नव्हते. स्टॅकमध्ये नाव असणे म्हणजे घटनास्थळी हजर असणे, एवढेच.

त्यासाठी विंडोजमध्येच असलेले ड्रायव्हर व्हेरिफायर वापरायचे होते. हे साधन निवडलेल्या ड्रायव्हरांवर कडक पहारा बसवते. त्यातील ‘स्पेशल पूल’ ही सोय आमच्या कामाची होती: ज्या ड्रायव्हरवर संशय आहे त्याचा प्रत्येक तुकडा स्वतंत्र पानाच्या अगदी कडेला ठेवला जातो आणि लगतचे पान कोणालाही हात लावता येणार नाही असे राखले जाते. त्यामुळे एका बाइटने जरी हद्द ओलांडली तरी संगणक त्याच क्षणी, त्याच ओळीवर थांबतो. मी यादीतून दोनच नावे निवडली, फिल्टर आणि ॲडॅप्टर. विंडोजचे ड्रायव्हर निवडले नाहीत. सगळेच निवडले तर संगणक गोगलगाईच्या गतीने चालतो आणि हाती गोंधळाशिवाय काही लागत नाही. रिस्टोअर पॉइंट तयार केला, रिस्टार्ट केले.

लॉगिनचा पडदा येतो न येतो तोच सारे निळे झाले. पुन्हा सुरू केले, पुन्हा निळे. संगणक सुरू झाला की ॲडॅप्टर आपोआप वाय-फायला जोडला जात होता, पाकिटे वाहू लागत होती आणि पहाऱ्यावरचा शिपाई लगेच शिट्टी वाजवीत होता. ही शक्यता मला सांगण्यात आली होती. विंडोज सुरूच होत नसेल तर सेफ मोडमध्ये जाऊन व्हेरिफायर रीसेट करायचा, हेही वहीत लिहिलेले होते. दोन-तीन प्रयत्न फसल्यावर दुरुस्तीचा पडदा आला, ‘ट्रबलशूट’, मग ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’, मग ‘स्टार्टअप सेटिंग्ज’ असा उतरत गेलो आणि तेथे संगणकाने बिटलॉकरची, म्हणजे डिस्क एन्क्रिप्ट करणाऱ्या विंडोजच्या सोयीची, रिकव्हरी की मागितली.

ही ४८ अंकी असते, सहा-सहा अंकांच्या आठ गटांत. डिस्क एन्क्रिप्ट झालेली आहे हेच मला ठाऊक नव्हते. विंडोज बसवताना मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केले होते, तेव्हा ते आपोआप झाले असावे. मोबाइलवरून त्या खात्यात शिरलो, की सापडली आणि मग मोबाइलचा पडदा दर तीस सेकंदांनी विझत असताना एकेक गट वाचून टंकित करीत बसलो. पाचव्या गटात एक अंक चुकला. तो दुरुस्त केला, पुढे गेलो, चार क्रमांकाची कळ दाबून सेफ मोडमध्ये पोहोचलो आणि व्हेरिफायर रीसेटचा आदेश दिला. नंतर मित्राला हे सांगितले तेव्हा तो क्षणभर गप्प राहिला आणि म्हणाला, “अरे, नुसता ॲडॅप्टर उपसून काढायचास की.” पाकिटे नाहीत, तर तंटा नाही. हे दोघांनाही आधी सुचले नव्हते.

पण त्या दोन निळ्या पडद्यांनी हवे ते दिले होते. दोन्ही वेळा कोड एकच होता, डी६, ‘ड्रायव्हर पेज फॉल्ट बियाँड एंड ऑफ ॲलोकेशन’; सोप्या भाषेत, ड्रायव्हरने मागून घेतलेल्या तुकड्याच्या शेवटाच्या पलीकडे हात घातला. आणि दोन्ही डंपमध्ये नाव होते फिल्टरचे, तेही त्याच्या कोडमधील एकाच सूचनेच्या पत्त्यावर, लिहिण्याचा प्रयत्न करताना. महिनाभरात प्रथमच दोन साक्षी जुळल्या होत्या. इतक्या वर्षांत मी या फिल्टरचे नावही ऐकले नव्हते, आणि माझ्या ग्राफिक्स कार्डाने, रॅमने आणि एसएसडीने त्याच्या वाट्याच्या चौकश्या भोगल्या होत्या.

कर्नलमध्ये राहणाऱ्या सुरक्षा-सॉफ्टवेअरचे सामर्थ्य आणि धोका एकाच ठिकाणी असतात, हे १९ जुलै २०२४ रोजी साऱ्या जगाने पाहिले होते. त्या दिवशी अशाच एका सॉफ्टवेअरसाठी आलेल्या सदोष अद्ययावत फाइलमुळे सुमारे ८५ लाख विंडोज संगणक कोसळले आणि पुष्कळ ठिकाणी माणसांना एकेका संगणकापाशी जाऊन, सेफ मोडमध्ये शिरून ती फाइल काढावी लागली. त्या वेळी बातम्या वाचताना माझ्या संगणकावर असे काही नाही, याचे मला समाधान वाटले होते.

फिल्टर काढताना त्याची फाइल शोधून नुसती पुसून टाकण्याचा मोह आवरावा लागला. फिल्टर हा साखळीतला दुवा असतो. दुवा सोडवून न घेता तोडला, तर नेटवर्कच्या फिल्टरबाबत इंटरनेट जाते आणि डिस्कच्या फिल्टरबाबत विंडोज सुरू होणेच थांबू शकते. नेटवर्क कनेक्शनच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये जी लहानशी यादी दिसते, जिच्याकडे मी आयपी पत्ता बदलण्यापलीकडे कधी पाहिले नव्हते, तिच्यात तो चौथ्या ओळीत खूण लावून बसलेला होता. तो निवडून ‘अनइन्स्टॉल’ केले. नंतर पीएनपीयूटिल या आदेशाने बाहेरच्या ड्रायव्हरांची यादी काढली, त्यात त्या कंपनीची आयएनएफ फाइल (ड्रायव्हर कसा बसवायचा हे विंडोजला सांगणारी) सापडली आणि तीही ड्रायव्हरांच्या साठ्यातून हटवली. त्यानंतर रिस्टार्ट, शट डाऊन नव्हे.

व्हेरिफायर पुन्हा लावला, या वेळी एकट्या ॲडॅप्टरच्या ड्रायव्हरवर, आणि ती ४० जीबी कागदपत्रे दोन दिवसांत तीनदा इकडून तिकडे आणि तिकडून इकडे फिरवली. काही झाले नाही. मग व्हेरिफायर रीसेट करून, चौकशीच्या काळात केलेले बदल एकेक करून मागे घेतले. आधी एक्सएमपी चालू केले आणि तीन दिवस थांबलो. फास्ट स्टार्टअप मात्र बंदच ठेवले आहे. त्यामुळे सुरू व्हायला लागणारा थोडा जास्त वेळ मला चालतो. पेजफाइल अर्थातच चालू आहे.

एक गोष्ट शेवटी लक्षात आली तेव्हा मी कपाळावर हात मारून घेतला. ‘विंडोज सिक्युरिटी’च्या ‘कोअर आयसोलेशन’ या पानावर ‘मेमरी इंटिग्रिटी’ नावाचे, कर्नलला संरक्षण देणारे, एक बटण आहे. विंडोज ११ आल्यापासून तेथे पिवळा त्रिकोण दिसे आणि बटण सुरू करू गेल्यास विसंगत ड्रायव्हर आहेत असा संदेश येई. मी तो संदेश ‘डिसमिस’ करून टाकला होता. विसंगत ड्रायव्हरांची यादी पाहण्यासाठी तेथे एक दुवा असतो. तो तेव्हा दाबला असता तर ते आठ अक्षरी नाव दीड वर्ष आधीच वाचायला मिळाले असते. फिल्टर गेल्यावर मी ते बटण दाबले, या वेळी ते मुकाट्याने चालू झाले आणि रिस्टार्टनंतर त्रिकोणही नाहीसा झाला.

रिलायबिलिटी मॉनिटर या संगणकाच्या स्थिरतेला दहापैकी गुण देणाऱ्या विंडोजच्या आलेखात प्रत्येक दिवसाचा एक स्तंभ असतो आणि संगणक कोसळलेल्या दिवशी त्यात तांबडी फुली येते. माझ्या आलेखात एका महिन्यात फुल्यांची रांगच लागली होती आणि वरची रेषा खोल दरीत उतरली होती. परवा पाहिले तेव्हा रेषा चढत दहाच्या जवळ आली होती आणि शेवटची फुली पडद्याच्या डाव्या कडेला, पुढच्या दिवशी बाहेर जाईल अशा बेताने उभी होती.